पेलवेल एवढं

ती हातातून सुटली नाही. भिवाजी नंतर स्वतःला हेच सांगत राहिला. सुटली नाही, दोघं मिळून खाली गेली. पलंगाच्या कडेवरून उचलून तिला चाकाच्या खुर्चीत ठेवायचं, रोजचंच. मधे अंतर वीतभराचं. तेवढ्या वीतभरात त्याच्या दंडांतलं काहीतरी निघून गेलं, नळाला पाणी येता येता एकदम नुसती हवा यावी तसं. त्याचे दोन्ही हात तिच्या काखांतून पाठीमागे गुंफलेले होते. गुंफण सुटली नाही, पण गुडघे वाकत गेले, आणि पंगतीत बसावं तशी दोघं अगदी सावकाश फरशीवर बसली. विठाचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. आदिलाबादची थंडी त्या सकाळी फरशीत उतरून बसली होती. तिला लागलं नव्हतं. तिचा डावा हात, जो अजून तिचा होता, त्याच्या पाठीवर हळूहळू थापटत होता, आणि ती आपल्याला धीर देते आहे की दार ठोठावावं तसं ठोठावून कुणाला बोलावते आहे, हे त्याला कळेना. स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. तो वासही त्यानं नुसता बसून घेतला.

शेजारची शुभांगी विरजण मागायला आली तेव्हा तिला ती दोघं अशी दिसली. तिनं नवऱ्याला हाक मारली, तिघांनी मिळून विठाला वर घेतलं. "सर, आवाज तरी द्याचा ना," शुभांगी म्हणाली. "भिंतीले भिंत लागून हाय आपली." तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण हाक मारलीच नाही. सुचलं नाही असं नव्हे. सुचलं होतं आणि नको वाटलं होतं. फरशीवर बसल्याबसल्या तो एवढाच विचार करत होता की हे कुणाला कळू न देता कसं निस्तरावं. उत्तर चुकलेलं पोर पाटीवर तळहात ठेवून बसतं, तसा तो बायकोवर हात ठेवून बसला होता.

शुभांगीनं ते हैदराबादला कळवलं असणार, कारण दुपारच्या आत साक्षीचा फोन आला. साक्षी त्याची एकुलती एक मुलगी, तिकडे बँकेत. ती रडली नाही, रागावलीही नाही. बँकेत समोरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला समजावतात तशा सुरात बोलली. तिच्या घरापासून जवळ एक ठिकाण होतं, आजारी बायकांना सांभाळणारं. उचलायला यंत्र, आंघोळीला बाया, दारात डॉक्टर. ती रोज जाऊन बसू शकत होती. फक्त तिथं पुरुषांना राहू देत नसत. "बाबा, आईले तिथं ठेवू. तुमी महिन्यातून येत जा." विठा खुर्चीत बसून ऐकत होती, फोनचा आवाज मोठा ठेवायची त्याला सवय होती. तो म्हणाला, "मी हाव ना इथं." "तुमी हाव, बाबा. पन तुमचे हात?" फोन ठेवल्यावर त्यानं हात पाहिले. दंडावरची कातडी पिशवीसारखी लोंबत होती. या हातांनी आयुष्यभर खडूहून जड असं काही रोज उचललं नव्हतं. त्याचा बाप तामसीकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतातल्या कापसाची गाठोडी डोक्यावरून वाहायचा. मानेवर त्याच्या कायम एक गुळगुळीत घट्टा होता, लहानपणी भिवाजी त्यावरून बोट फिरवायचा. माझ्या पोराच्या डोक्यावर ओझं नको, म्हणून त्या माणसानं त्याला शाळेत घातलं. पोरगा शिकला, मराठी शाळेत मास्तर झाला, हेडमास्तर होऊन घरी बसला. आणि साक्षीच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मफलर गुंडाळून बाहेर पडताना त्याला वाटलं, ओझं विकत आणायला निघालेला आपल्या घराण्यातला हा पहिलाच माणूस.

बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत खेळाच्या सामानाचं दुकान होतं. भूषणचं. भूषण त्याचा विद्यार्थी; आता त्याचं पोट गल्ल्यावर टेकत होतं आणि केस मागे गेले होते, पण सर दिसताच तो वर्गात उठायचा तसाच हात मांड्यांना लावून उठला. डंबेल पाहिजेत म्हटल्यावर त्यानं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण दाबता आलं नाही. "सर, तुमी आमाले अंगठे धरून उभं करत होते. आता तुमची बारी आली का?" मग आणखी जवळ येऊन, "का म्याडमनं घराबाहेर काहाडलं? बॉडी बनवून दुसरी पाहून राह्यले?" विठाचं त्याला माहीत नव्हतं. भिवाजीनंही सांगितलं नाही. या माणसाला ते सांगितलं की तो ओशाळेल, चहा मागवेल, चेहरा पाडून बसेल, आणि आपल्याला हव्या त्या गोष्टीबद्दल काही विचारताच येणार नाही. म्हणून तोही हसला. "घरीच करतो म्हटलं थोडं. वजन कमीजास्त करता येते ते दाखव."

भूषणनं दोन प्रकार पुढे ठेवले. एकात प्लास्टिकच्या तबकात चकत्या ओळीनं बसवलेल्या, मधे मूठ, टोकाला आकड्यांची फिरकी. "हे पाहा. इथं फिरवा, कट् आवाज आला का झालं. लागते तेवढ्याच चकत्या मुठीसंग वर येतात, बाकीच्या खालीच बसून राह्यतात." त्यानं फिरवून दाखवलं. मूठ वर आली. मधल्या काही चकत्या चिकटून आल्या, बाहेरच्या दोन तबकातच उभ्या राहिल्या. भिवाजी त्या राहिलेल्या दोघींकडे पाहत राहिला. हे त्याला आवडलं नाही, का ते लगेच कळलं नाही. मग कळलं. सगळे मास्तर असंच शिकवतात: ज्यांना येतं त्यांना घेऊन वर जायचं, बाकीचे खाली बसून राहतात. त्यानं कधीच तसं केलं नव्हतं. अख्खा वर्ग पुढे गेला तरी मागच्या पोराजवळ तो बसून राहायचा. हात उगारायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त म्हणायचा, बाळा, अजून एकदा. मंडलातले, आसपासच्या शाळांतले इतर मास्तर म्हणायचे, भिवाजी सरांचा संयम घ्यावा. दुसरा प्रकार साधा होता: लोखंडी दांडा, मधे भोक असलेल्या सुट्या चकत्या, आणि दोन्ही टोकांना आट्यांवर फिरवून घट्ट करायचे नट. वजन वाढवायचं तर नट काढा, चकती घाला, पुन्हा आवळा. वेळ लागतो. "यात किटकिट हाय, सर," भूषण म्हणाला. "नट नीट नाई कसला तं चकती पायावर." पण भिवाजीला ती किटकिट आवडली. एकेक चकती आपल्या हातानं चढवायची. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत.

भूषण सामान बांधता बांधता जुन्या गोष्टी काढून बसला. "सर, धोंडीबा आठवते का? ळ-वाला?" आठवणार नाही कसा. धोंडीबाला ळ म्हणता येत नसे. सगळ्या मुलखालाच येत नाही, घरोघरी केळ्याला केयंच म्हणतात; पण भिवाजीनं मनावर घेतलं होतं. शाळा सुटल्यावर तो त्या पोराला घेऊन बसला. उन्हं कलली, घंटा देणारा शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा, आणि तो आपला शांतपणे, बाळा, जीभ मागं वळव, अजून एकदा. पोरानं चड्डी ओली केली. ती भिवाजीनं स्वतः धुतली, आणि पोराला आपल्या पंच्यात गुंडाळून पुन्हा समोर बसवलं. शेवटी ते म्हणालं, ळ. स्वच्छ. ही गोष्ट त्यानं पुढे कितीतरी नव्या शिक्षकांना सांगितली होती. "ते भाजीच्या गाड्यावर असते आता," भूषण म्हणाला. "अजूनबी केयंच म्हनते. तुमच्यासमोर ळ म्हनलं ना, सर, थे शेवटचं." आणि तो पोट हलवत हसला. भिवाजी हसला नाही. पिशवी जड होती, रिक्षापर्यंत न्यायला भूषणनं मदत केली.

मागच्या खोलीत, जिथं जुन्या क्रमिक पुस्तकांचे गठ्ठे होते, तिथं त्यानं जागा केली. गठ्ठे भिंतीला लावले, खाली सतरंजी टाकली. पहिले काही दिवस दंड पेटल्यासारखे दुखत. लेखणी धरता येईना, विठाला भरवताना चमचा थरथरे. मग हळूहळू दुखणं आत कुठंतरी जिरलं, आणि एक दिवस सदरा घालताना बाही त्याला तंग लागली. तो आरशासमोर थबकला. कातडीखाली गाठीसारखं काही होतं, दाबलं तर परत दाबणारं. इतक्या उशिरा आपल्या अंगात हे वस्तीला यावं याचा त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली; कारण पलीकडच्या खोलीत त्याच दिवसांत विठाचा उजवा दंड काठीसारखा होत चालला होता. जणू घरात मांस ठरावीकच होतं आणि ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हळूहळू सरकत होतं. तो विचार झटकून तो नट काढी, नवी चकती चढवी, आवळी.

विठाची पण शिकवणी चालू होती. लकव्याचा झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून आणल्यावर रूपा नावाची व्यायाम करून घेणारी मुलगी रोज यायची. भिवाजी खुर्ची टाकून बाजूला बसे आणि पाहे. मुलगी गोड होती, तेलुगू बोलणारी, पण कामचुकार, असं त्याचं मत झालं होतं. पुष्कळ दिवसांच्या मुकेपणानंतर विठाच्या तोंडून एक शब्द फुटला होता. रूपानं हात खांद्यापर्यंत उचलला होता आणि विठा म्हणाली, "चालू." एवढा एकच. पहिलीतलं पोर फळ्यावरचा पहिला शब्द आपला आपण वाचतं तेव्हा भिवाजी जसा उठून उभा राही तसा उभा राहिला. त्यानं साक्षीला फोन केला, "आई बोलली गं! चालू म्हने!" साक्षी पलीकडे हसत रडली. "आई थांबनारी बाई नाईच, बाबा." आणि ही रूपा! विठानं चालू म्हणायचा अवकाश, की ही हात खाली ठेवायची. रोज तेच. बाई करायला तयार आहे, म्हणते आहे चालू ठेव, आणि या मुलीला घरी जायची घाई. त्यानं थोडे दिवस वाट पाहिली, मग तिला सांगितलं, आता मी करून घेत जाईन, पाहून पाहून आलं मला. रूपा जाताना विठाच्या केसांवरून हात फिरवून गेली.

तेव्हापासून तो स्वतः करून घेत होता. उजवा हात दोन्ही हातांत धरून हळू वर न्यायचा. खांद्यापर्यंत आला की विठा म्हणे, "चालू." तो म्हणे, "शाबास," आणि आणखी वर नेई. तिच्या डोळ्यांतून पाणी येई; डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या आजारात कारण नसताना रडू येतं. ती तोंड भिंतीकडे वळवी, थकते बिचारी. तो थांबे. घाई करत नसे. ती पुन्हा इकडे पाहीपर्यंत हात तसाच वर धरून वाट पाही. जेवतानाही तेच. काही घास झाले की "चालू". तो पुढचा घास तिच्या ओठांशी नेऊन धरी, तिनं ओठ मिटून घेतले तर तसाच धरून ठेवी, न कंटाळता, आणि शेवटी ती तोंड उघडी. साक्षी सणावाराला येई तेव्हा बाजूला बसून पाही. या घरात तेलुगू शब्द बोलायचा नाही हा नियम त्यानंच, ती लहान असताना केला होता. शाळेत तेलुगू, बाजारात तेलुगू, मग आपली भाषा राहायची कुठं? तो नियम मायलेकींनी पाळला होता, आणि म्हणून साक्षीलाही आईच्या तोंडचं जे ऐकू आलं ते मराठीच.

विठाची नोकरी उटनूरला होती, मुलींच्या वसतिगृहात, स्वयंपाकघराकडे. सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची, शनिवारी संध्याकाळी यायची. मधले दिवस ती कशी असते हे त्यानं कधी फारसं विचारलं नाही. एकदाच गेला होता, ती चष्मा घरी विसरली म्हणून. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचायच्या आत त्याला आतून आवाज ऐकू आला. कुणी बाई तेलुगूत मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती, सोंग आणून, सूर बदलून, आणि पोरी लोटपोट हसत होत्या. ही बाई विठा आहे हे त्याला तिचा चेहरा दिसल्यावर कळलं. त्याला पाहताच ती पदर सावरून पुढे आली आणि तिच्या गळ्यातून घरातला तो बारीक, नेमस्त आवाज निघाला: "गुरुजी, तुमी काऊन आले?" त्याला गुरुजी ती थट्टेनं म्हणायची. त्या दिवशी थट्टा नव्हती. परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखा तो चष्मा देऊन निघाला. रस्ताभर सागाच्या झाडांकडे पाहत त्याला राग येत होता, आणि कशाचा ते सांगता येत नव्हतं. घरी तिनं कधी सोंग आणलं नव्हतं. तो पुन्हा उटनूरला गेला नाही.

थंडी सरता सरता तो दिवस आला. त्यानं विठाच्या काखांत हात घातले, पाय रोवले, आणि ती उचलली गेली, सरळ, स्वच्छ, जिथं दंडांतून हवा निघाली होती ते वीतभर अंतर कधी पार पडलं ते कळलंही नाही. खुर्ची समोर होती, पण त्यानं तिला लगेच ठेवलं नाही. हवेत धरली. तिची पावलं फरशीपासून वर होती. "चालू," ती त्याच्या कानाशी म्हणाली. तो हसला. "चालू ना! पाहा आता," म्हणत तो तिला घेऊन खिडकीपर्यंत गेला, बाहेरून कापसाचा ट्रॅक्टर जात होता तो तिला दाखवला, गिरक्या घेतल्यासारखा परत वळला. "चालू," ती म्हणाली, "चालू, चालू." लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी उचललं नव्हतं. त्या दुपारी त्यानं साक्षीला कळवलं की आता त्या ठिकाणाचा विषय नको.

राजव्वा आली ती त्याच आठवड्यात. उटनूरच्या वसतिगृहात विठाबरोबर चुलीवर उभी राहिलेली, आता थकलेली, कपाळावर मोठं कुंकू, कमरेला बटवा. आदिलाबादला कचेरीत काम होतं, ते आटोपून आली. दारातूनच तिचा आवाज सुरू झाला आणि विठाच्या तोंडाची चांगली बाजू उजळली. राजव्वा तिच्याशी तेलुगूत बोलत सुटली. नियम सांगायला भिवाजीला संकोच वाटला. "सारू," ती मधेच त्याच्याकडे वळून तुटक्या मराठीत म्हणाली, "आमची विठक्का, बोलून बोलून आमचे कान खाये. आता बघा कशी चूप बसली, चोरटी!" विठाच्या छातीतून एक खरखर आली. ते हसू होतं. जेवायची वेळ झाली तेव्हा भिवाजीनं वरणभात कालवून आणला, तर राजव्वानं वाटी त्याच्या हातातून घेतली. "तुमी बसा, सारू. आज मी देते." तो खुर्ची टाकून बसला, रूपाच्या वेळी बसायचा तसा.

थोडे घास झाले. विठा म्हणाली, "चालू."

राजव्वाचा हात थांबला. तिनं घास वाटीत परत ठेवला, पदरानं विठाचं तोंड पुसलं आणि वाटी खाली ठेवली. बोलणं न तोडता, इतकं सहज, की तिला आपण काही केलं हे कळलंही नसावं.

"अवं, द्या ना अजून," भिवाजी म्हणाला. "मागून राह्यली ना ते."

"मागत कुटं हाय? चालू म्हनली."

"हाओ ना. चालू म्हनली."

"मंग?" राजव्वानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "चालू म्हंजे बस, सारू. पुरं झालं. आमच्यात कोनी सालू म्हन्ते, कोनी चालू." आणि मग तिला खरंच नवल वाटलं. "तुमाले मालूम नाई काय? आदिलाबादात राहून?"

मालूम होतं. त्याला तो शब्द स्वतःच्या नावाइतका मालूम होता. ओळखीपाळखीच्या तेलुगू लोकांच्या लग्नात पानावर भात वाढणाऱ्याच्या हाताखाली तळवा धरून तो स्वतः म्हणाला होता, चालू, चालू. कचेऱ्यांत चहा ओतणाऱ्याला म्हणाला होता. बाजारात, बसमध्ये, रोज कानावरून जात होता. फक्त या चौकटीच्या आत तो शब्द आला की त्याचा अर्थ उलटा होत होता, आणि तो उलटा करणारं दुसरं कुणी नव्हतं. मराठीतल्या चालूचा ऊ लांब, त्यांच्यातला आखूड. आयुष्यभर त्यानं ऱ्हस्वदीर्घासाठी पोरांचे गुण कापले होते. डोळे मिटा आणि ऐका, बाळांनो, कान सांगतो. आता त्यानं डोळे मिटले. हात खांद्यापर्यंत आलेला, आणि आखूड उकार. चमचा ओठांशी, आखूड. खिडकीपाशी, पाय हवेत, कानाला लागून, तीनदा, आखूड, आखूड, आखूड. एकही लांब नव्हता. त्याला ऐकू आलं नाही असं नव्हतंच. त्याला जे ऐकायचं होतं ते त्यानं तिच्या तोंडात घातलं होतं, घासासारखं. आणि ती रोज सांगत राहिली. तिनं दुसरा शब्द शोधला नसेल? शोधला असेल, सापडला नसेल. झटक्यानं घरातली सगळी मराठी पुसून नेली आणि उटनूरच्या स्वयंपाकघरातला एक शब्द तेवढा तिच्या हाताशी ठेवला. तो घेऊन ती या मराठी मास्तरासमोर बसली होती, आणि मास्तर शाबास म्हणत होता.

राजव्वा उटनूरच्या गाडीला निघून गेली. व्यायामाची वेळ झाली तसा विठाचा डावा हात उजव्या हातावर येऊन बसला, झाकण ठेवावं तसा. हे ती रोज करत असणार. त्यानं आज पाहिलं. तो तिच्या हाताला शिवला नाही. पलंगाच्या कडेला बसला. संध्याकाळचं ऊन भिंतीवर पिवळं पडलं होतं. त्याला तिला विचारायचं होतं, आणि मराठीत विचारलं तर ती समजून घेईल, पण उत्तर कुठून आणेल, हे त्याला दिसत होतं. त्याचं तेलुगू कचेरीचं आणि बाजाराचं. या घरात ते त्यानं कधी तोंडाला लावलं नव्हतं. जीभ जड झाली. तरी तो म्हणाला, "विठा... एम् कावालि?" काय पाहिजे?

तिनं त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं, उटनूरच्या त्या दारात पाहिलं होतं तसं, हा इथं कसा आला म्हणून. मग तिचे ओठ हलले. आवाज बारीक नव्हता. घोगरा, पोटातून येणारा, त्यानं एकदाच ऐकलेला. शब्द एकमेकांत अडकून आले, त्याला एक साक्षीचं नाव सोडून काही लागलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं. तिनं पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, मधे दम घेत.

"नन्नु. साक्षी दग्गरिकि. पंपु."

तो जोडायला लागला. नन्नु म्हणजे मला. दग्गरिकि, जवळ, अमक्याकडे. मुलाला घेऊन डॉक्टरकडे निघालेल्या बाया बसमध्ये सांगतात. पंपु. हा शब्द मंडलाच्या कचेरीतून फोनवर यायचा, माहिती पंपु, यादी पंपु. पाठव. तो ओठ हलवत होता, मागच्या बाकावरचं पोर हलवतं तसे, आणि अक्षरं एकमेकांना लागत होती. वाक्य पुरं झालं तरी तो थोडा वेळ त्याच्या अलीकडेच थांबून राहिला. ती वाट पाहत होती. तिला घाई नव्हती.

"साक्षीकडे," तो म्हणाला. मग वाक्य पुरं करून पुन्हा म्हणाला. "साक्षीकडे पाठव, म्हणतेस?"

विठानं मान हलवली, आणि उत्तर आल्यावर मास्तर जसे निश्चिंत होतात तशी तिची पाठ उशीला टेकली. उजव्या हातावरून डावा हात तिनं काढून घेतला.